घाम, तहान आणि व्हॅसोप्रेसिन

मे महिन्यात ठाणे स्टेशनवर वाशीच्या गाडीची वाट बघत थोडा वेळ उभं राहिलं, तरी शर्ट पाठीला चिकटतो. हवा इतकी दमट, की घाम सुकत नाही. अंग गार होत नाही, पाणी मात्र जातंच. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, म्हणून मागे उरलेलं रक्त किंचित खारट होतं. अगदी एखाद-दोन टक्क्यांनी. मेंदूला तेवढं पुरतं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. रक्तातलं मीठ वाढलं की तिथल्या काही पेशींमधलं पाणी बाहेर खेचलं जातं, त्या आक्रसतात आणि इशारा देतात. एकीकडे घशाला कोरड पडते, दुसरीकडे पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागात साठवलेलं व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन रक्तात सुटतं. जेमतेम नऊ अमिनो आम्लांची ही साखळी. पण सोसायटीतला पाणी सोडणारा माणूस जसा सगळ्या इमारतीला धाकात ठेवतो, तसा हिचा दरारा.

आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक पाणी लगेच रक्तात परत जातं. उरलेल्याचा निर्णय शेवटच्या बारीक नळ्यांमध्ये होतो. त्या नळ्यांच्या पेशींत ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या वाटा आत तयारच असतात. व्हॅसोप्रेसिन पोचलं की त्या पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि पाणी परत शोषलं जातं. लघवी कमी, गडद पिवळी. या वाटांच्या शोधासाठी पीटर अग्रे यांना 2003 साली रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

मला सगळ्यात गंमत वाटते ती पुढच्या भागाची. आपण घटाघटा पाणी पितो, ते आतड्यातून रक्तात उतरायला वेळ लागतो. पण तोंड-घशाकडून खबर आधीच गेलेली असते आणि व्हॅसोप्रेसिन लगेच कमी व्हायला लागतं. रक्तात ते टिकतंही थोडंच, दहा-वीस मिनिटांत निम्मं होतं. म्हणून तर हुकूम पटकन फिरवता येतो. दारू हे हार्मोन दाबते. थर्टी-फर्स्टला बाथरूमच्या फेऱ्या वाढतात त्या त्यामुळेच. आणि ते तयारच होत नसेल, तर दिवसाला दहा लिटरच्याही वर लघवी होऊ शकते. हा आजार म्हणजे साखरेचा मधुमेह नव्हे. डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनसारखंच काम करणारं औषध, दिलं की बहुतेकांना आराम पडतो.

लोकलने जाणाऱ्या कितीतरी बायका घरून निघताना पाणी पीतच नाहीत, कारण वाटेत धड स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. अशा वेळी व्हॅसोप्रेसिन किल्ला लढवतं खरं, पण ते आहे ते पाणी राखतं, नवीन आणत नाही. शिवाय युरियासारखा कचरा बाहेर टाकायला दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. रोजच ती इतकी दाट राहिली, तर मुतखड्याचा धोका वाढतो.