रुग्णांच्या मागण्या घेऊन आमदार-खासदारांना भेटताना : कोणाकडे जावे, कोणती कागदपत्रे न्यावीत आणि घोडे कुठे अडते

हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), थॅलेसेमिया (रक्त पुरेसे न बनण्याचा आजार) यांसारख्या जन्मभराच्या आजारांचे रुग्ण किंवा त्यांचे पालक लोकप्रतिनिधीकडे जातात तेव्हा भेट सहसा नाकारली जात नाही. 40 मतदारसंघांच्या गोव्यात आमदाराचे घर कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि सकाळी तिथे गेल्यास दारही उघडे असते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. निवेदन स्वीकारले जाते, छायाचित्र काढले जाते, आणि काही महिन्यांनी चौकशी केली तर तो कागद कोणत्या खात्यात गेला हे कोणालाच सांगता येत नाही. याचा दोष दर वेळी लोकप्रतिनिधीच्या अनास्थेचा नसतो. मागणी ज्याच्या अधिकारात नाही त्याच्याकडे गेलेली असते, किंवा मुदत उलटल्यावर गेलेली असते, किंवा तिला आधार देणारा एकही कागद सोबत जोडलेला नसतो.

मागणी कोणाच्या अधिकारातील आहे

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. काणकोणमधील हिमोफिलियाच्या मुलाच्या सांध्यात रक्तस्राव सुरू झाला की त्याला फॅक्टरचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाचे, इंजेक्शन लवकरात लवकर मिळायला हवे, आणि बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय) तिथून 60 किलोमीटरहून दूर आहे. म्हणून हे इंजेक्शन काणकोण, वाळपई यांसारख्या ठिकाणच्या सरकारी आरोग्य केंद्रांतही ठेवावे, अशी मागणी असेल तर ती आमदाराकडे आणि आरोग्यमंत्र्यांकडेच न्यायला हवी.

नोकरीतील आरक्षणाची गोष्ट निराळी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये मान्य केलेल्या 21 प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या तिन्हींचा समावेश आहे. परंतु त्याच कायद्यातील सरकारी नोकऱ्यांच्या 4 टक्के आरक्षणात रक्ताच्या या आजारांना स्थान नाही. हा संसदेचा कायदा असल्यामुळे त्यात बदल करून घ्यायचा तर लोकसभेतील गोव्याचे दोन आणि राज्यसभेतील एक अशा तीन खासदारांकडे गेले पाहिजे. आमदाराच्या हाती दिलेले असे निवेदन फार तर पुढे पाठवले जाते, आणि ‘पुढे’ म्हणजे नेमके कुठे, ते क्वचितच कळते.

खासदार स्थानिक क्षेत्र विकास निधीबद्दलचा गैरसमज तर दरवर्षी नव्याने भेटतो. एका खासदाराला वर्षाला मिळणारे 5 कोटी रुपये टिकाऊ सार्वजनिक कामांसाठी असतात. त्यातून सरकारी रुग्णालयासाठी उपकरणे घेता येतात, एका रुग्णाच्या औषधाचा खर्च देता येत नाही. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणाखाली 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती केंद्र सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते, आणि त्यासाठी रुग्णाची नोंदणी मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या केंद्रात व्हावी लागते. शिफारसपत्राने ही पायरी टळत नाही. वैयक्तिक उपचारांच्या खर्चासाठी गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाख रुपयांचे संरक्षण ती देते, मात्र तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. नेमकी हीच उणीव, म्हणजे घरी घ्यायच्या आयुष्यभराच्या औषधांचा खर्च, सामूहिक मागणीचा विषय होऊ शकते. आपल्या मुलाचे थकलेले बिल त्याच निवेदनात घालू नये. तसे केले की सगळे निवेदन आर्थिक मदतीच्या अर्जांच्या ढिगात जाऊन पडते.

आपला आमदार मंत्री असेल तर

मंत्री सभागृहात प्रश्नांना उत्तरे देतात, विचारत नाहीत. गोव्यात मुख्यमंत्र्यांसह 12 मंत्री असू शकतात आणि सभापतीही प्रश्न विचारत नाहीत. याचा अर्थ असा की राज्यातील जवळजवळ एक तृतीयांश मतदारांच्या आमदाराला त्यांच्यासाठी तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारा प्रश्न, विचारता येत नाही. अशा मतदारसंघातील रुग्णांनी मंत्र्याकडे निर्णय मागावा आणि प्रश्न विचारण्याची विनंती शेजारच्या, हवे तर विरोधी पक्षाच्या, आमदाराला करावी. ‘आमच्या आमदारांना राग येईल’ ही भीती आमच्या छोट्या राज्यात अगदीच निराधार नाही. त्यावर उपाय म्हणजे आपल्या आमदाराला आधी सांगावे आणि निवेदनाची प्रतही द्यावी. पाठीमागून कळण्याचाच राग अधिक येतो.

कोण भेटू शकतो

आमदाराला भेटण्यासाठी कायद्याने कोणतीही पात्रता ठरवलेली नाही. व्यवहारात मात्र कार्यालयात पहिला प्रश्न मतदार ओळखपत्राचा येतो. गोमेकॉ जवळ पडावे म्हणून ताळगाव किंवा पर्वरीत भाड्याने राहणाऱ्या, पण पेडणे वा सांगेच्या मतदार यादीत नाव असलेल्या कुटुंबांची इथेच गफलत होते. यादीत जिथे नाव आहे तिथला आमदार तुमचा. रुग्ण अल्पवयीन असेल तर पालकाचे ओळखपत्र चालते. संस्था नोंदणीकृत असावी लागते हाही गैरसमजच आहे. सोसायटी नोंदणी अधिनियम, 1860 प्रमाणे सात जण एकत्र आले की नोंदणीचा अर्ज करता येतो आणि लेटरहेडचे वजन पडते हे खरे, परंतु नोंदणीची वाट पाहत अधिवेशन हातचे घालवण्यात शहाणपण नाही.

जे कागद कोणाकडेच नसतात

पहिला कागद म्हणजे निदानाचे स्पष्ट प्रमाणपत्र. फायलीत पाच-पाच वर्षांचे केसपेपर असतात, पण त्यांवर संक्षेप, आडव्यातिडव्या सह्या आणि एखादा शिक्का याखेरीज काही वाचता येत नाही. डिस्चार्ज कार्डावर कधी कधी आजाराचे नावही नसते, फक्त ‘रक्तस्रावाचा विकार’ एवढेच लिहिलेले असते. आजाराचे पूर्ण नाव, प्रकार, तीव्रता आणि आयुष्यभर लागणारे उपचार एवढ्या चार गोष्टी असलेले प्रमाणपत्र ठरलेल्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरांकडून मागून घ्यावे. भेटीच्या आठवड्यात धावपळ केल्यास ते मिळत नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र) असल्यास जोडावे, नसल्यास त्यापायी भेट पुढे ढकलू नये.

दुसरा कागद म्हणजे आकडा. ‘तुम्ही किती जण आहात?’ या एका प्रश्नावर अर्ध्याअधिक भेटी संपतात. रुग्ण वर्षानुवर्षे सरकारी खिडकीवर उभे राहतात, त्यांची नावे रजिस्टरात चढतात, आणि तरीही तालुक्यात रुग्ण किती हे सांगण्याची जबाबदारी शेवटी रुग्णांवरच येते, हे संतापजनक आहे. तोपर्यंत मार्ग दोन. रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली नावे वगळून तालुकावार संख्या मागावी, ज्याचे उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. किंवा आपण स्वतः मोजणी करून ‘आमच्या माहितीतील रुग्ण’ असे स्पष्ट लिहावे. आकडा फुगवू नये. खात्याने एकदा तो खोडून काढला की पुढच्या निवेदनावरचाही विश्वास उडतो.

तिसरी गोष्ट संमतीची, आणि ती कळकळीने सांगावीशी वाटते. रुग्णांच्या नावांची यादी निवेदनाला जोडू नये. एचआयव्हीच्या बाबतीत संमतीविना ओळख उघड करण्यास 2017 च्या कायद्यानेच मनाई आहे, पण इतर आजारांतही यादी कार्यालयातून गावात पोहोचायला वेळ लागत नाही, आणि हिमोफिलियासारख्या आनुवंशिक आजारात मुलाचे नाव फुटले की त्याच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी अडतात. तालुका आणि संख्या एवढे पुरे. ज्याला स्वतःहून बोलायचे आहे त्याने समक्ष यावे.

मुदत कशी वाचावी

अधिवेशनाची तारीख वर्तमानपत्रात आली की लोक त्याच्या आदल्या आठवड्यात धावतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. लोकसभेत तर पूर्ण 15 दिवसांची अट आहे. आमदारांना विधानसभा सचिवालयाकडून तारखांचे वेळापत्रक मिळते, तेव्हा प्रश्न देण्याचा शेवटचा दिवस त्यांच्या कार्यालयातूनच विचारून घ्यावा आणि निदान महिनाभर आधी भेटावे. मुदत हुकलीच तर शून्य प्रहर, लक्षवेधी सूचना किंवा शुक्रवारच्या खासगी कामकाजातील ठराव हे मार्ग उरतात, पण त्यांची खात्री कमी.

पैशाची मागणी असेल तर हिशेब आणखी मागे जातो. अर्थसंकल्प साधारणपणे मार्चमध्ये मांडला जात असला तरी खात्यांचे अंदाज काही महिने आधी तयार होऊ लागतात, म्हणून अशी मागणी दिवाळीच्या सुमारास पोहोचलेली बरी. चवथीच्या (गणेशोत्सवाच्या) दिवसांत कोणाचीच वेळ मागू नये. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर निवेदन देता येते, परंतु नव्या योजनेची घोषणा त्या काळात मागून उपयोग नाही.

निवेदन आणि भेट

निवेदन एका पानाचे आणि एकाच मागणीचे असावे. राजभाषा कायद्याने मराठीतून अर्ज करण्यास वाव आहे. तरीही खात्यातील टिपणे बहुधा इंग्रजीत लिहिली जात असल्याने इंग्रजी प्रत जोडल्यास काम सोपे होते. भेटीला तिघे-चौघे पुरेत, आणि चाकाची खुर्ची असेल तर जिना आहे का हे आधी विचारावे.

पोच, आणि त्यानंतर

निवेदनाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेसह आवक क्रमांक घ्यावा. ‘साहेबांच्या हातात दिले आहे’ ही पोच नव्हे. आमदारांनी खात्याला पत्र पाठवल्यास त्याची जावक क्रमांकासह प्रत मागून घ्यावी, कारण पुढचा सगळा माग त्या क्रमांकावरूनच लागतो. महिना-दीड महिन्यात उत्तर न आल्यास माहिती अधिकाराखाली त्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणांच्या प्रती मागाव्यात. ‘का केले नाही’ असे विचारल्यास ती माहिती नव्हे म्हणून अर्ज फेटाळला जाण्याचा धोका असतो. सभागृहात प्रश्न आला असेल तर लेखी उत्तर शब्दशः वाचावे. मंत्र्यांनी ‘तपासून निर्णय घेऊ’ असे काही म्हटले असेल तर प्रश्न क्रमांक आणि तारीख लिहून विधानसभेच्या शासकीय आश्वासन समितीला पत्र पाठवता येते, आणि त्या पत्राची प्रत आपल्या आमदारालाही द्यावी.