पडून असलेली जमीन, कुलूपबंद घर: बेळगाव सीमाभागात नाव लावण्याची खरी वाट

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, कोणत्याही तालुक्यात जा, गावात अशी एखादी मिळकत असतेच. पणजोबांच्या नावावरच राहून गेलेले रान. मुंबईला गेलेल्या भावकीचे पडके घर. उतारा एकाचा आणि कसणारा दुसराच, असा पट्टा. लोक या सगळ्यांना सरसकट बेवारस म्हणतात आणि इथेच घोटाळा होतो, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे. वारसाची नोंद तहसीलमध्ये होते, गावठाणातल्या घराची पंचायतीत. कब्जावरून मालकी सांगायची तर दिवाणी कोर्ट गाठावे लागते, आणि सरकारी जमिनीचा विषय तर पूर्ण निराळा. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज वर्षभर फिरून परत येतो.

आधी एक गैरसमज दूर करू. मालकाला वारस नाही म्हणून शेजाऱ्याला किंवा कसणाऱ्याला जमीन मिळेल, अशी तरतूद कुठेच नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 29 नुसार वारस नसलेली मिळकत सरकारकडे जाते, आणि कर्नाटक जमीन महसूल कायदा, 1964 च्या कलम 67 नुसार जी जमीन कोणाचीच नाही ती सरकारची. म्हणून अर्जात स्वतःच "ही जमीन बेवारस आहे" असे लिहू नका. तो तुमच्या हक्काचा नव्हे, सरकारच्या हक्काचा पुरावा होतो.

उतारा नीट वाचा

कर्नाटकच्या भूमी संकेतस्थळावर पहाणी (इकडचा सातबारा उतारा) नुसती पाहायला पैसे लागत नाहीत. दाखल करायला मात्र सहीची प्रत काढा. रकाना 9 मध्ये मालकाचे नाव आणि क्षेत्र, 10 मध्ये ते नाव कोणत्या फेरफाराने आले त्याचा नंबर, 11 मध्ये बोजा आणि इतर हक्क, 12 मध्ये कसणारा आणि पीक. बहुतेक जण नऊ नंबर पाहून थांबतात. खरी माहिती दहा आणि अकरात असते. पीकेपीएसचे (गावच्या कृषी पतसोसायटीचे) जुने कर्ज फेडलेले असूनही बोजा तसाच असतो, कोर्टाची मनाई असते, नाहीतर "विक्रीस बंदी" असा शेरा असतो.

रकाना 10 मधल्या नंबराची नक्कल तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून मागवा आणि एकेक फेरफार धरत मागे चला. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने कागद मराठीत आणि त्याआधीचे काही मोडीत सापडतात. मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्या आणि कन्नड भाषांतर प्रतिज्ञापत्रासह जोडा. नुसती झेरॉक्स लावली तर टेबलावरचा कारकून ती वाचूही शकत नाही. निपाणी, कागवाड, मुडलगी आणि कित्तूर हे तालुके अलीकडचे, तेव्हा जुने दप्तर मूळ तालुक्याच्या ठिकाणीही शोधावे लागते: निपाणीचे चिकोडीत, कागवाडचे अथणीत.

सब-रजिस्ट्रारकडून ई.सी. (मिळकतीवरचे नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) काढा. 2004 पासूनचा तपशील कावेरी संकेतस्थळावर मिळतो, त्यामागचा कचेरीत हाताने शोधावा लागतो. मोजणी खात्याकडून आकारबंद (सर्व्हे नंबरचे मूळ क्षेत्र आणि आकार) आणि टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा) ही घ्या. हस्तलिखित पहाणी संगणकावर चढवताना गुंठे-आणे इकडचे तिकडे झालेली उदाहरणे भरपूर आहेत (40 गुंठ्यांचा एकर, 16 आण्यांचा गुंठा). क्षेत्र आकारबंदाशी जुळत नसेल तर आधी ती दुरुस्ती करा, वारसा नंतर.

दोन धोक्याच्या खुणा. पहिली, वतनी जमीन: पाटीलकी, शेतसनदी, महार वतन. 1961 च्या ग्राम अधिकार रद्द कायद्यानंतर ती परत मंजूर झाल्याचा, म्हणजे रिग्रँटचा हुकूम लागतो. दुसरी, कुळाची जमीन. 1 मार्च 1974 ला कुळाच्या कब्जात असलेली जमीन सरकारजमा झाली आणि कुळाने फॉर्म 7 भरून ती मागायची होती. शेवटची मुदत 30 जून 1979. कुळाने फॉर्म भरला नसेल आणि मालकाचे नाव रकाना 9 मध्ये तसेच राहिले असेल, तर वरवर स्वच्छ दिसणारा उतारा आतून पोकळ असतो. लँड ट्रिब्युनलच्या नोंदी पाहिल्याशिवाय अशा जमिनीत पैसा घालू नका. जमीन मुळात अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली असेल तर अशा जमिनीचे हस्तांतर रोखणारा 1978 चा पीटीसीएल कायदा लागू होतो, आणि 2023 च्या दुरुस्तीने त्या कुटुंबाला ती परत मागायला काळाची मर्यादाही उरलेली नाही.

वारसा: सर्वांत सोपी वाट, सर्वांत जास्त अडकणारी

रकाना 9 मध्ये मयत माणूस असेल आणि तुम्ही त्याचे वारस असाल, तर अर्ज नाडकचेरीत (तहसीलच्या खालच्या महसूल कचेरीत) वारसा नोंदीचा, म्हणजे कर्नाटकात ज्याला पौती खाते म्हणतात त्याचा. लागणारे कागद: मृत्यूदाखला, वंशवृक्ष दाखला, सर्व वारसांचे आधार, चालू पहाणी आणि प्रतिज्ञापत्र. दोन पिढ्या गेल्या असतील तर प्रत्येक मयताचा वेगळा दाखला. आजोबांवरून थेट नातवाचे नाव चढत नाही. मधल्या वडिलांचाही मृत्यूदाखला द्यावाच लागतो.

गाडी पहिल्यांदा अडते ती मृत्यूदाखल्यावर. चाळीस वर्षांपूर्वी मळ्यात वारलेल्या माणसाची नोंदच नसते. वर्षापेक्षा जास्त उशिराच्या नोंदीसाठी पूर्वी फौजदारी कोर्टाचा आदेश लागायचा. 2023 च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. त्याआधी पंचायतीकडून "नोंद आढळत नाही" असा दाखला घ्यावा लागतो.

वंशवृक्षासाठी तलाठी (आता पदनाम ग्राम आडळित अधिकारी) आणि सर्कल चौकशी करतात, शेजाऱ्यांचे जबाब घेतात. इथे लपवाछपवी नको. लग्न होऊन गेलेल्या बहिणी गाळायची जुनी सवय अजून आहे, आणि नंतर रद्द होणारे फेरफार बहुतेक याच पायी रद्द होतात. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार आहे. 2005 मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये पक्के केले. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आई. मुलगा वारला तर त्याची बायको आणि मुलांबरोबर त्याची आईही पहिल्या वर्गातली वारस असते. वडील नसतात. वंशवृक्षात आईचे नाव नसेल तर पुढे कधीही तक्रार उभी राहते. (हे हिंदू कुटुंबांचे, मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांचा वारसा त्यांच्या कायद्याने चालतो.)

बहिणीला हिस्सा नको असेल तर आधी तिचे नाव लावून घ्या, मग हक्कसोडपत्र करा. ते सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलेच हवे. नोटरीपुढे शंभराच्या बाँडवर केलेल्या हक्कसोडीला काही किंमत नाही.

नावांचा गोंधळ तर ठरलेला. पहाणीवर "भरमा यल्लाप्पा", मृत्यूदाखल्यावर "भरमाण्णा यल्लाप्पा पाटील", मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर "ब्रह्मा". मराठी नोंदीचे कन्नड करताना आडनाव गळते, काना-मात्रा बदलतात. तिन्ही नावांचा माणूस एकच, असे प्रतिज्ञापत्र करा आणि त्याला जुन्या मतदार यादीचा उतारा, शाळेचा दाखला किंवा सोसायटीचे खातेपुस्तक जोडा. आधारवरचे नाव पहाणीप्रमाणे बदलत बसू नका. बँकेपासून पेन्शनपर्यंत सगळे बिघडते.

अर्ज चढला की नोटीस निघते आणि हरकतीची मुदत त्यावरच छापलेली असते. हरकत आली नाही तर फेरफार मंजूर होतो. आली तर प्रकरण तकरारीच्या वहीत जाते आणि तहसीलदार सुनावणी घेतात. त्यांचा हुकूम पटला नाही तर महसूल कायद्याच्या कलम 136 खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. मुदत 60 दिवस. जिल्ह्यात बेळगाव, चिकोडी आणि बैलहोंगल अशी तीन उपविभागीय कार्यालये आहेत. हुकमाची नक्कल कोणत्या तारखेला हातात पडली याचा पुरावा ठेवा.

नाव लागले म्हणजे मालकी ठरली असे नव्हे. फेरफार ही महसुलाची नोंद. मालकीवरच वाद असेल तर दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा आणावा लागतो आणि मग नोंद त्याप्रमाणे फिरते.

माणूस वारला नसून परागंदा असेल तर? सात वर्षे ज्यांना त्याची खबर असायला हवी त्यांनाही ती नाही, असे असेल तर तो मृत मानता येतो. पण तहसील ते स्वतःहून मानत नाही. पोलिसांतली बेपत्ता नोंद आणि कोर्टाची घोषणा, दोन्ही हवे.

कब्जावरून मालकी

मालक खासगी असेल आणि तुम्ही त्याच्या हक्काविरुद्ध, उघडपणे, खंड न पडता 12 वर्षे कब्जात असाल, तर मुदत कायद्याच्या आधाराने दावा चालतो. 2019 पासून कब्जेदार असा दावा स्वतःहूनही दाखल करू शकतो. पूर्वी हा मुद्दा बचावापुरताच धरला जाई. तहसीलदाराला यात काही अधिकार नाही.

बहुतेक दावे एकाच वाक्यावर कोसळतात: "त्यांनीच आम्हाला राखायला दिली होती." परवानगीने घेतलेला कब्जा कितीही वर्षांचा असो, विरोधी होत नाही. वाटेकरी, राखणदार, भाडेकरू, घर सांभाळणारा पुतण्या, सगळे यात आले. भाऊबंदांमध्ये तर एकाचा कब्जा सगळ्यांच्या वतीने धरला जातो; दुसऱ्याला उघडपणे बाहेर काढल्याचे सिद्ध करावे लागते.

पुरावा वर्षवार हवा. रकाना 12 मधल्या पीकनोंदी, हेस्कॉमची (वीज कंपनीची) पंपाची बिले, पीकेपीएसचे पीककर्ज. चिकोडी-निपाणी-अथणी भागात साखर कारखान्याची ऊसनोंद आणि ऊसबिले फार उपयोगी पडतात, कारण त्यांवर बहुधा सर्व्हे नंबर असतो. फक्त ऊस ज्याच्या नावावर घातला त्याचेच नाव बिलावर येते, एवढे ध्यानात ठेवा.

सरकारी जमीन

इथे 12 नव्हे, 30 वर्षे, आणि दाव्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस. प्रत्यक्षात असे दावे क्वचितच टिकतात. उलट महसूल कायद्याच्या कलम 192अ खाली बेकायदा कब्जा हा गुन्हा आहे. बगैर हुकूम कसलेली जमीन नियमित करायचे अर्ज फॉर्म 50, 53 आणि 57 वर घेतले गेले. शेवटच्या फॉर्मला 1 जानेवारी 2005 पूर्वीचा कब्जा लागतो. जुना अर्ज केलेला असेल तर पोचपावती घेऊन तालुक्याच्या समितीपुढची स्थिती तपासा. बेळगाव शहरापासून 10 किलोमीटरच्या आतली जमीन यात बसत नाही. "नवीन फॉर्म सुटलाय" सांगून पैसे उकळणारे गावोगाव फिरतात. तहसीलच्या सूचनाफलकाशिवाय विश्वास ठेवू नका.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात वनहक्क कायदा, 2006 लागू होतो. 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा कब्जा लागतो आणि आदिवासी नसाल तर तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य. अर्ज ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे. मिळालेला हक्क वारसाने जातो, विकता येत नाही.

गावठाणातले घर आणि शहरातली मिळकत

पंचायतीत पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) अर्ज. जुनी घरपट्टी, वारसाचे कागद, हेस्कॉम बिल, फोटो, चतुःसीमा. जागा गावठाण हद्दीतच आहे हे मोजणी नकाशावरून ठरले तर ई-स्वत्तूवर (पंचायतीच्या मिळकतींच्या संगणकीय नोंदवहीवर) फॉर्म 9 आणि 11अ हे उतारे मिळतात. हद्दीबाहेर, बिनशेती न झालेल्या रानात बांधलेले असेल तर 11ब; त्यावर कर्ज देताना बँका कुरकुरतात. घरपट्टी भरल्याने मालकी येत नाही, पण बंद घराची भरत राहिलात तर पुढे पुरावा होतो. स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी गावात झाली असेल तर नकाशा पाहून मगच चतुःसीमा लिहा.

बेळगाव शहरात सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबरचा उतारा सिटी सर्व्हे कार्यालयातून आणि कराची नोंद महापालिकेतून, अशी दोन्हीकडे नावे बदलावी लागतात. कॅम्प भागात यातले काहीच लागू नाही: तिथे संरक्षण खात्याची जमीन नोंदवही चालते आणि अर्ज कँटोन्मेंट बोर्डाकडे.

ज्यांची थोडी जमीन चंदगड-कागलात आणि थोडी इकडे, त्यांनी एवढे पाहावे: महाराष्ट्रातला मृत्यूदाखला इकडे चालतो, वारस फेरफार चालत नाही. दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि दोन्हीकडच्या वारसांची यादी तंतोतंत एकच हवी. इकडच्या जमिनीचा दावा इकडच्याच कोर्टात, अपिले हायकोर्टाच्या धारवाड पीठापर्यंत. पुण्या-मुंबईच्या वारसांना दर तारखेला येणे जमणार नसेल तर गावातल्या एकाला मुखत्यारपत्र द्या, पण फक्त नोंदीपुरते. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका.