अमेरिकेत एमडीला अर्ज करताना कॉलेजातलं संशोधन कुठे, कसं दाखवायचं

न्यू जर्सी काय, टेक्सास काय, मुलगा किंवा मुलगी प्री-मेड (म्हणजे मेडिकलला जायच्या तयारीत कॉलेज करणारी) आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "लॅब मिळाली का?" एमडीच्या (अमेरिकेत कॉलेजची पदवी झाल्यावर घ्यायची डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) प्रवेशासाठी संशोधन ही साधारणपणे पात्रतेची अट नसते. विज्ञानाचे ठरावीक विषय, जीपीए (कॉलेजातल्या गुणांची सरासरी) आणि ४७२ ते ५२८ गुणांच्या मापावरची एमकॅट ही प्रवेश परीक्षा हा पाया. संशोधनावर भर देणारी कॉलेजं मात्र ते बघतात. एमडी-पीएचडीसाठी (दोन्ही पदव्या एकत्र देणारा अभ्यासक्रम) तर त्याशिवाय चालतच नाही. तिथे ३,००० आणि १०,००० अक्षरमर्यादेचे दोन जादा निबंध असतात, त्यातला मोठा निव्वळ संशोधनावर.

बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज 'ॲमकास' या सामाईक ऑनलाइन अर्जसेवेवरून जातो. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांसाठी टीएमडीएसएएस ही तशीच वेगळी सेवा आहे. ॲमकासमध्ये कामं आणि उपक्रमांच्या १५ नोंदी करता येतात. सगळ्या भरल्याच पाहिजेत असं नाही. प्रत्येकीला तारखा, तास, संपर्काची व्यक्ती आणि ७०० अक्षरांत वर्णन. त्यातल्या ३ सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडल्या की त्यांना आणखी १,३२५ अक्षरं मिळतात. शब्दांमधल्या मोकळ्या जागा, विरामचिन्हं सगळं त्यात मोजलं जातं.

इथेच बरेच अर्ज फिके पडतात. 'प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत मदत केली' यातून काय कळणार? त्यापेक्षा असं लिहा: 'झेब्राफिशच्या पिल्लांच्या हृदयाचे ठोके मोजायचं काम माझ्याकडे होतं. आकडे जुळेनात, कारण पाण्याचं तापमान कमीजास्त होत होतं. मग तापमानाची रोज नोंद ठेवली.' मुलाखतीत यावरच प्रश्न येतात, म्हणून जे स्वतः केलं तेच लिहावं. नुसता पाठवलेला, अजून न स्वीकारलेला पेपर 'प्रकाशन' म्हणून दाखवू नका. संशोधनाच्या नोंदीत त्याचा उल्लेख पुरतो. प्रयोगशाळाप्रमुखाचं शिफारसपत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण तुम्हाला नुसतं नावाने ओळखणाऱ्या मोठ्या प्राध्यापकाच्या पत्रापेक्षा काम पाहिलेल्या माणसाचं पत्र केव्हाही बरं.

आता अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच घरांना लागू होणारी गोष्ट. एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेचे आरईयू हे कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम नागरिक वा ग्रीन कार्डधारकांनाच खुले आहेत. एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या उन्हाळी इंटर्नशिपलाही हीच अट होती; २०२५ मध्ये ती इंटर्नशिप रद्द झाली. एच-४ (एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वरच्या मुलांना, वर्क परमिट नसेल तर, पगारी काम करता येत नाही. त्यांनी आपल्याच कॉलेजात पगाराऐवजी क्रेडिटसाठी (पदवीत धरल्या जाणाऱ्या गुणांकांसाठी) संशोधन करता येईल का ते विचारावं. कित्येक मेडिकल कॉलेजं ग्रीन कार्ड नसलेल्यांचे अर्जच घेत नाहीत, तेव्हा फी भरण्याआधी प्रत्येकाचा नियम वाचा.

अर्ज साधारण मेमध्ये उघडतो आणि महिनाअखेरीस सादर करता येतो. ॲमकासकडून होणारी गुणांची पडताळणी शिफारसपत्रांसाठी थांबत नाही, ट्रान्सक्रिप्टसाठी (कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका) मात्र थांबते. ज्या ज्या अमेरिकन कॉलेजात नाव नोंदवलं होतं त्या प्रत्येकाची ट्रान्सक्रिप्ट लागते, हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेल्या एखाद्या कोर्सचीसुद्धा. भारतातल्या कॉलेजाचे गुण ॲमकास पडताळत नाही. ते चालतील का, हे ज्या त्या मेडिकल कॉलेजालाच विचारावं लागतं.