जीनोमच्या फायलींमागचं रोजचं काम

संगणकीय जीवशास्त्र म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या प्रथिनांच्या रंगीत आकृत्या, महासंगणक आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता. हे सगळं या विषयात आहेच. पण इथे काम करणाऱ्या कुणालाही विचारून पाहा, गेल्या आठवड्यात काय केलं? बहुतेकदा उत्तर मिळेल की दोन याद्यांमधली जनुकांची नावं जुळत नव्हती ती जुळवली, सर्व्हरवर एक प्रोग्राम चालत नव्हता तो चालता केला, आणि कुठला नमुना कुठल्या रुग्णाचा हे विचारायला प्रयोगशाळेत खेटे घातले.

या कामाला अनेकजण कारकुनी समजतात. मला ते अजिबात पटत नाही. प्रयोगशाळेत काही बिघडलं तर बहुधा ते दिसतं: पेशी मरतात, रंग उमटत नाही. संगणकाला मात्र चुकीची फाईल दिली तरी तो तितकाच सुबक आलेख काढून देतो. उत्तर येतंच. ते उत्तर जीवाबद्दलचं आहे की फाईल कशी तयार झाली त्याबद्दलचं, हे ओळखण्यात या विषयातलं बरंचसं कसब खर्ची पडतं.

सगळ्यांना माहीत असलेल्या एक्सेलपासूनच सुरुवात करू. पेशीविभाजनात भाग घेणाऱ्या सेप्टिन नावाच्या प्रथिनांची जनुकं ‘सेप्ट१’, ‘सेप्ट२’ अशा नावांनी ओळखली जात. दुसऱ्या एका कुळातली जनुकं होती ‘मार्च१’, ‘मार्च२’. इंग्रजीत ही नावं एक्सेलच्या चौकटीत टाकली की ‘सेप्ट२’ची होई २ सप्टेंबर आणि ‘मार्च१’ची १ मार्च. आत साठवलं जातं ते तारखेचं अंकी रूप, त्यामुळे मूळ नाव परत मिळवणं अवघड. २००४ मध्येच अमेरिकेतल्या संशोधकांनी याबद्दल सावध करणारा लेख लिहिला होता. पुढे २०१६ मध्ये मेलबर्नच्या मार्क झीमन आणि सहकाऱ्यांनी एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेले साडेतीन हजारांहून अधिक शोधनिबंध तपासले, तेव्हा त्यातल्या सुमारे एक पंचमांश निबंधांत अशी बिघडलेली नावं सापडली. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली: सेप्ट१ झालं सेप्टिन१, मार्च१ झालं मार्चएफ१. हा आपोआप होणारा बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये. आता जुन्या निबंधांत जुनी नावं, नव्यांत नवी, आणि काही याद्यांत तारखा. जो कुणी आज पंधरा वर्षांचे निकाल एकत्र करायला बसतो, त्याच्या पुढ्यात हे तिन्ही असतं.

आता कच्चा माल कसा येतो ते पाहू. माणसाचा जीनोम म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेली सुमारे ३०० कोटी अक्षरं. सर्वाधिक वापरात असलेली यंत्रं तो सलग वाचत नाहीत. डीएनएचे बारीक तुकडे करून एका वेळी दीडशेएक अक्षरं वाचतात. वाचनात चुका होतात, म्हणून प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जाईल इतकं वाचन करतात. हिशेब केला तर एका माणसामागे साधारण ६० कोटी तुकडे होतात. हे तुकडे ‘फास्टक्यू’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये येतात, प्रत्येकी चार ओळी. दुसऱ्या ओळीत अक्षरं, तिसरीत नुसतं अधिकचं चिन्ह, चौथीत प्रत्येक अक्षराचा दर्जा. दर्जा ३० असेल तर ते अक्षर चुकीचं असण्याची शक्यता हजारात एक, २० असेल तर शंभरात एक. पहिल्या ओळीत तुकड्याची ओळख असते: कुठलं यंत्र, कितवी फेरी, यंत्रातली कितवी पट्टी. या ओळीकडे फारसं कुणी बघत नाही, पण तिचं महत्त्व पुढे कळेल.

हे कोट्यवधी तुकडे मग संदर्भ जीनोमवर जागच्या जागी बसवायचे असतात. संदर्भ जीनोम म्हणजे सगळ्यांनी मोजणीसाठी मान्य केलेला एक नमुना. त्याच्या आवृत्त्या निघतात, आणि आवृत्ती बदलली की आकडे बदलतात. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात वारंवार सापडणारा एक बदल आहे, ‘बी-रॅफ’ जनुकातला. प्रथिनाच्या साखळीत ६००व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येतं, म्हणून त्याला व्ही६००ई म्हणतात. यावर नेमका वार करणारं व्हेमुराफेनिब हे औषध अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं, म्हणजे हा बदल आहे की नाही यावर रुग्णाचे उपचार ठरतात. २००९ च्या आवृत्तीत तो सातव्या गुणसूत्रावर १४,०४,५३,१३६ या जागी आहे. २०१३ च्या आवृत्तीत तोच १४,०७,५३,३३६ या जागी. डीएनए जिथल्या तिथे, आकडा मात्र ३,००,२०० ने पुढे. गावात जमिनींचं एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले तेव्हा असंच झालं होतं. जुना उतारा हातात घेऊन नव्या नकाशावर शेत शोधायचं तर दोन्ही नंबर जुळवणारा तक्ता लागतो. जीनोमसाठी असे तक्ते आणि ते वापरणारे प्रोग्राम आहेत, पण काही जागा एका आवृत्तीतून दुसरीत जातच नाहीत. त्या कुठल्या, हे कुणीतरी बसून पाहावं लागतं.

याच बदलाची आधीची कथा तर आणखी बोलकी आहे. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या गटाने तो जाहीर केला तेव्हा त्याचं नाव होतं व्ही५९९ई. त्या वेळच्या संदर्भक्रमात जनुकाच्या सुरुवातीच्या भागातली तीन अक्षरं गळली होती. तीन अक्षरं म्हणजे प्रथिनातला एक घटक, त्यामुळे पुढची सगळी मोजणी एकाने कमी. चूक दुरुस्त झाल्यावर ५९९ चं ६०० झालं. आजही जुने निबंध धुंडाळणाऱ्याला दोन्ही नावांनी शोध घ्यावा लागतो.

शिवाय मोजायचं कुठून, यावरही एकमत नाही. जीनोमवरच्या जागांची यादी ठेवणाऱ्या ‘बेड’ या प्रकारच्या फायली शून्यापासून मोजतात, सापडलेल्या बदलांची यादी ठेवणाऱ्या ‘व्हीसीएफ’ फायली एकपासून. काही फायलींत गुणसूत्राचं नाव ‘सीएचआर७’ असतं, काहींत नुसतं ‘७’. यातली दुसरी गोष्ट मला जास्त भीतीदायक वाटते. दोन फायलींत नावं वेगळी असली की अनेक प्रोग्राम चूक झाल्याचं सांगतच नाहीत. जुळणाऱ्या जागा शून्य, एवढंच छापतात. नवशिक्या माणसाला वाटतं, या रुग्णात काही सापडलं नाही.

आता त्या पहिल्या ओळीकडे वळू. २०१४ च्या डिसेंबरमध्ये स्टॅनफर्डच्या शिन लिन, मायकेल स्नायडर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. माणूस आणि उंदीर यांच्या अनेक अवयवांत कोणती जनुकं किती प्रमाणात चालू असतात हे त्यांनी मोजलं होतं. अपेक्षा अशी की उंदराचं यकृत माणसाच्या यकृतासारखं दिसेल, मेंदू मेंदूसारखा. त्यांच्या विश्लेषणात मात्र उंदराचे सगळे अवयव एका बाजूला गोळा झाले आणि माणसाचे दुसऱ्या बाजूला. उंदरांवर औषधं तपासून माणसांना देणाऱ्या वैद्यकासाठी ही मोठीच बातमी होती.

शिकागो विद्यापीठातले योआव गिलाड आणि ओर्ना मिझराही-मान यांनी खुल्या असलेल्या त्याच फायली घेतल्या आणि प्रत्येक नमुन्याची पहिली ओळ वाचली. यंत्रांचे क्रमांक आणि पट्ट्या मांडल्यावर दिसलं की उंदराचे आणि माणसाचे बहुतेक नमुने वेगवेगळ्या फेऱ्यांत किंवा पट्ट्यांत वाचले गेले होते. म्हणजे दिसणारा फरक प्राण्यांमधला की यंत्रांच्या फेऱ्यांमधला, हे वेगळं करणं जवळपास अशक्य होतं. फेरीचा परिणाम हिशेबातून काढल्यावर अवयव पुन्हा अवयवांजवळ आले. हे फेरविश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. मूळ गटाने आपली बाजू मांडली, वाद झाला. माझ्या मते यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही की मूळ फायली जशाच्या तशा सर्वांना उपलब्ध होत्या. पहिली ओळ पुसली गेली असती तर हा प्रश्न कुणाला विचारताच आला नसता.

फेरीमुळे येणाऱ्या या फरकाला इंग्रजीतूनच आलेलं ‘बॅच इफेक्ट’ हे नाव सगळे वापरतात. रसायनांचा घाण्यागणिक बदलणारा दर्जा, हाताळणारी व्यक्ती, दिवस, यंत्र, कशानेही तो येतो. निरोगी माणसांचे नमुने एका दिवशी आणि रुग्णांचे दुसऱ्या दिवशी हाताळले, तर नंतर कितीही हुशार संख्याशास्त्र वापरलं तरी दोन्ही फरक सुटे होत नाहीत. उपाय एकच, नमुने आधीच मिसळून लावायचे. त्यासाठी विश्लेषण करणाऱ्याला प्रयोगाच्या आधी बोलवावं लागतं, आणि नेमकं तेच होत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात हेच सांगितलं होतं: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बहुधा शवविच्छेदन करून घेणं.

नमुन्यात दुसराच जीव मिसळलेला असणं, हाही नेहमीचा त्रास. टार्डिग्रेड या सूक्ष्म, चिवट प्राण्याची सुमारे एक षष्ठांश जनुकं जिवाणूंसारख्या परक्या जीवांकडून आली आहेत, असं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये जाहीर केलं. त्याच प्राण्यावर एडिंबरात स्वतंत्रपणे काम चालू होतं. तिथल्या गटाने दाखवलं की त्यातली बहुतेक ‘परकी’ जनुकं नमुन्यात आलेल्या जिवाणूंचीच होती. खरं प्रमाण फार तर एक-दोन टक्के. ओळखायचं कसं? प्राण्याचे स्वतःचे तुकडे साधारण सारख्या संख्येने वाचले जातात, सोबत आलेल्या जिवाणूचे फार कमी किंवा फार जास्त. संख्या मांडून पाहिली की वेगळे पुंजके दिसतात.

अशा तपासण्यांची सवय लागते. नमुन्यांची अदलाबदल झाली का हे पाहायला एक सोपी युक्ती आहे: ‘झिस्ट’ हे जनुक स्त्रियांच्या पेशींत चालू असतं, वाय गुणसूत्रावरची जनुकं पुरुषांच्या. तक्त्यात ‘स्त्री’ लिहिलेल्या नमुन्यात वाय गुणसूत्राची जनुकं जोरात दिसली की पुढचं काम थांबवून फ्रीझरमधल्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या पाहायच्या.

प्रोग्रामांचा प्रश्न वेगळाच. या क्षेत्रातली कितीतरी साधनं कुणा पीएचडीच्या विद्यार्थ्याने आपल्या गरजेपुरती लिहिलेली असतात. तो विद्यार्थी पुढे जातो, साधन मागे राहतं. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या जेफ्री चँग यांना २००६ अखेरीपासून पाच निबंध मागे घ्यावे लागले, कारण घरगुती लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रामने डेटाचे दोन स्तंभ उलटसुलट केले होते आणि प्रथिनांच्या रचना उलट्या निघाल्या होत्या. झुरिकच्या गटाने त्याच कुळातल्या एका प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा विसंगती उघड झाली. आता कोंडा, डॉकर, स्नेकमेक, नेक्स्टफ्लो अशी साधनं आहेत. कुठला प्रोग्राम, कुठली आवृत्ती, कुठल्या क्रमाने चालला याची नोंद त्यांनी राहते. पण ती साधनं सांभाळायला कुणाला पगार द्यायचा, हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी सुटलेला नाही. नव्या शोधाला निधी मिळतो, जुना प्रोग्राम चालू ठेवायला मिळत नाही. यात बदल व्हायलाच हवा.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. पुणे विद्यापीठात अशोक कोळसकर आणि प्रसाद टोंगावकर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत, प्रथिनाच्या कुठल्या भागाविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवेल याचा अंदाज बांधणारी, आजही लसींवर काम करणारे जगभर वापरतात. आता आपल्यापुढचं काम आकाराने फार मोठं आहे. वर सांगितलेल्या संदर्भ जीनोमचा सुमारे ७० टक्के भाग एकाच माणसाच्या डीएनएतून आला आहे. भारतीयांत काय सर्रास आढळतं हे त्यावरून कळत नाही. हृदयाच्या स्नायूंशी संबंधित एका जनुकातली २५ अक्षरं गळलेली असणं, हा बदल दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो आणि तो हृदयविकाराशी जोडलेला आहे, हे २००९ मध्ये इथल्या माणसांचे नमुने तपासल्यावर समजलं. जीनोम इंडिया प्रकल्पात ८३ लोकसमूहांतल्या सुमारे १०,००० जणांचे जीनोम वाचले गेले, आणि तो डेटा जानेवारी २०२५ पासून फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रातून संशोधकांसाठी खुला झाला. नमुने देशभरातून आलेले, वाचन वेगवेगळ्या संस्थांत झालेलं. तेव्हा एखादा बदल एका समूहात जास्त दिसला की पहिला प्रश्न हाच असेल: त्या समूहाचे नमुने कुठल्या केंद्रात वाचले गेले? आणि गळलेली अक्षरं एका फाईलमध्ये एका जागी व दुसरीत शेजारच्या जागी नोंदली गेली, तर एकच बदल दोन वेगळे बदल म्हणून मोजला जाईल आणि दोन्ही खऱ्याहून दुर्मीळ दिसतील. रुग्णाच्या अहवालात ‘दुर्मीळ’ हा शब्द लिहिण्याआधी या दोन्ही गोष्टी कुणीतरी तपासलेल्या असायला हव्यात.