जुन्या ट्रॅक्टरला दुसरं इंजिन बसवलंय? आरसीवर नोंद करताना अर्ज नेमका कुठे अडतो

एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली आणि शेडमध्ये वर्षानुवर्षं झाकून राहिलेली भानगड बाहेर आली. बुकिंगला ट्रॅक्टरवरचा इंजिन नंबर टाकावा तर तो आरसीशी जुळत नाही. वडिलांनी कधीतरी इंजिन बदललं, मिस्त्रीने बसवलं, ट्रॅक्टर चालला, विषय संपला. आरटीओच्या लेखी तो विषय अजून सुरूही झालेला नाही.

आधी आपलं काम ‘इंजिन बदल’ ठरतं का ते बघा. लायनर, पिस्टन, क्रँक, हेड यांच्यासाठी नोंद लागत नाही. पण नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, ठोकलेला असतो. ब्लॉक तडकला म्हणून दुसरा घातला, की आतला माल सगळा जुना असला तरी कागदावर इंजिन बदललं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 55(5) नुसार वाहनावरचा इंजिन किंवा चासी नंबर आरसीपेक्षा वेगळा निघाला, तर मालकाचं म्हणणं ऐकून नोंदणी रद्द होऊ शकते.

दुसरी अडचण ‘बसतंय’ या शब्दाची. कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही 2019 मध्ये हेच ठणकावलं आहे. महिंद्राच्या जुन्या बी-275 ला चार सिलिंडर, नंतरच्या 275 डीआयला तीन. ‘दोन्ही 275च की’ असं म्हणत मिस्त्री बसवूनही देईल, पण आरसीवर सिलिंडर आणि सीसी लिहिलेले असतात. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तरच अर्जाला अर्थ. जास्त एचपीचं इंजिन घालून ‘नोंद करून द्या’ म्हणणाऱ्यांचा हेलपाटा ठरलेला.

मुदत 14 दिवसांची, आणि ती बदल केल्या दिवसापासून मोजतात. बिल हातात आल्यापासून किंवा ट्रॅक्टर शेतात उतरल्यापासून नाही. तेवढ्यात आरसी आणि फीसह आरटीओला कळवायचं असतं. याच कलम 52 मध्ये दहा किंवा जास्त वाहनांच्या मालकांना परवानगीशिवाय इंजिन बदलण्याची सवलत आहे. ती दाखवत बरेच जण येतात. ती ट्रान्सपोर्ट वाहनांसाठी आहे. शेतीचा ट्रॅक्टर नियमांत नॉन-ट्रान्सपोर्ट धरतात. म्हणून माझं सांगणं एकच: आधी कार्यालयात विचारा, मग ट्रॅक्टर खोला.

आता कुणाकडेच नसणारा कागद. इंजिन आलं कुठून? नवीन असेल तर डीलरचं जीएसटी बिल पुरतं. पण जुन्या मॉडेलचं नवीन इंजिन मिळतंय कुठे? ते येतं भंगारातून, आणि बिल म्हणजे वहीच्या पानावर ‘जुने इंजिन, नग 1’. अशा कागदाने काम होत नाही. इंजिन नंबर लिहिलेलं बिल, ज्या ट्रॅक्टरचं ते इंजिन होतं त्याच्या आरसीची प्रत, त्याची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विकणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र हे पैसे देण्याआधी मागा. नंतर तो माणूस फोन उचलत नाही. इंजिन चोरीचं नाही याचा पोलिसांचा दाखलाही मागितला जातो. तो मिळायला वेळ लागतो, 14 दिवस मात्र थांबत नाहीत.

‘जुनाच नंबर ठोकून देतो’ असं कुणी म्हणालं तर सरळ उठून या. घासलेला नंबर इन्स्पेक्टरच्या बोटाला कळतो, आणि मग प्रकरण आरटीओत न राहता पोलिसांकडे जातं.

ट्रॅक्टर अजून आजोबांच्या नावावर असेल तर इंजिनाचा अर्ज बाजूला ठेवा. आधी फॉर्म 31 वर वारसाच्या नावे हस्तांतर, मग 15 वर्षं उलटली असतील तर फॉर्म 25 वर नूतनीकरण, मग इंजिन. हा क्रम उलटा केल्याने जेवढे अर्ज परत येतात तेवढे दुसऱ्या कशाने येत नसतील. तीन अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या मालिकेतला नंबर ‘वाहन’ पोर्टलवर सापडत नसेल, तर जुनं आरसी पुस्तक घेऊन आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या आरसीची संगणकावर नोंद, करून घ्या. ती कार्यालयातूनच होते. सायबर कॅफेवाला कितीही शपथा घेवो. कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागते.

काही जण 2021 च्या व्हिंटेज, म्हणजे फार जुन्या वाहनांच्या, नियमांकडे बोट दाखवतात. ते दुचाकी आणि मोटारींसाठी आहेत, ट्रॅक्टर त्यात बसत नाही. शिवाय तिथेही इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

बाकी नेहमीचंच: पोर्टलवर अर्ज, फी, विमा, आधार, पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा), तपासणी. तपासणीला जाताना ब्लॉकवरचं ग्रीस आणि रंग रॉकेलने पुसून न्या, घासू नका.

नवी आरसी आली की इंजिन नंबर एकेक अक्षर जुळवून बघा. इंग्रजी ओच्या जागी शून्य पडलेला असतो. मग लगेच विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नंबर बदलून घ्या.