गुठळीची आनुवंशिकता कधी तपासावी? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाचे रक्त वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असतानाच थ्रोम्बोफिलिया प्रोफाइलसाठी (गुठळी होण्याची आनुवंशिक प्रवृत्ती शोधणाऱ्या चाचण्यांसाठी) पाठवले जाते आणि रिपोर्टवर प्रोटीन सी व प्रोटीन एस या दोन ओळी ठळक अक्षरांत ‘कमी’ म्हणून उमटतात. पुण्यातल्या ओपीडींत असा रिपोर्ट घेऊन आलेले कुटुंब, मुलांचेही रक्त तपासायचे का, हे विचारते. वास्तविक गुठळी रोखणारी ही दोन्ही प्रथिने त्या गोळीनेच खाली आणलेली असतात.

या चाचण्यांचा उगम १९६५ साली नॉर्वेत ओलाव एगेबर्ग यांनी नोंदवलेल्या एका कुटुंबात आहे. त्यातल्या अनेकांना गुठळ्या होत होत्या आणि त्यांच्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन हे गुठळी रोखणारेच आणखी एक प्रथिन कमी होते. प्रोटीन सीची कमतरता १९८१ मध्ये आणि प्रोटीन एसची १९८४ मध्ये पुढे आली. हे शोध मुळातच गुठळ्यांनी ग्रासलेल्या घराण्यांत लागल्यामुळे दोष सापडला की गुठळी जवळजवळ ठरलेलीच, असा समज रुजला असावा.

१९९४ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे फॅक्टर पाच या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनातील जनुकीय बदल सापडला आणि चित्र पालटले. युरोपीय वंशाच्या सुमारे पाच टक्के लोकांत आढळणारा हा बदल (भारतात तो बराच विरळ आहे) जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत असल्यास पहिल्या गुठळीचा धोका तीन ते पाच पटींनी वाढवतो. मात्र एकदा गुठळी झालेल्या व्यक्तीला ती पुन्हा होण्याची शक्यता त्याने थोडीच वाढते. त्यामुळे गोळ्या किती काळ चालू ठेवायच्या, हे रिपोर्टपेक्षा गुठळी कशामुळे झाली यावर अधिक ठरू लागले. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीने २०१३ मध्ये सांगितले, की मोठी शस्त्रक्रिया, अपघात किंवा दीर्घ अंथरूण यांनंतर झालेल्या गुठळीत प्रौढांची ही तपासणी करू नये.

माझ्या मते चाचणीला अर्थ उरतो तो उत्तरावर उपचार बदलणार असतील तिथे: ठोस कारणाशिवाय तरुणपणी झालेली गुठळी, जवळच्या नात्यात तोच इतिहास, किंवा अँटिथ्रॉम्बिनची कमतरता असलेल्या घरातील स्त्रीची गर्भधारणा. अशा स्त्रीची तपासणी शक्यतो गर्भधारणेआधीच व्हावी, कारण गरोदरपणात प्रोटीन एस एरवीही घटते. ताजी गुठळी आणि हेपारिन (गुठळीवरचे इंजेक्शन) अँटिथ्रॉम्बिनची पातळी उतरवतात. जनुकीय चाचणीला मात्र औषधांची अडचण नसते. प्रथिनांचे नमुने वॉरफेरिन थांबल्यावर किमान दोन आठवड्यांनी घ्यावेत. केवळ चाचणीसाठी रुग्णाने गोळी आपल्या मनाने बंद करू नये.