गर्भाची जनुकीय तपासणी आणि सुईची भीती

सुरुवात मांजरीच्या चेतापेशींपासून झाली. १९४९ साली कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी इवार्ट बर्ट्राम यांना सूक्ष्मदर्शकाखाली एक गंमत दिसली. काही पेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका होता आणि तो फक्त माद्यांच्या पेशींमध्ये होता. माणसांतही तसंच निघालं. १९५६ मध्ये कोपनहेगनच्या फ्रिट्झ फुक्स आणि पोव्हल रीस यांनी गर्भजलात तरंगणाऱ्या पेशींमध्ये हा ठिपका शोधला. न जन्मलेल्या जिवाबद्दल पेशी पाहून माणसाला जे पहिल्यांदा कळलं, ते म्हणजे मुलगा की मुलगी. पुढे जे झालं ते पाहता हा योगायोग विसरण्यासारखा नाही.

फुक्स आणि रीस यांचा हेतू वैद्यकीयच होता. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, आईकडून येतो आणि बहुतेक वेळा मुलग्यांना होतो. १९६० मध्ये त्यांनी या आजाराच्या वाहक असलेल्या गरोदर स्त्रियांसाठी ही तपासणी वापरल्याचं जाहीर केलं. गर्भ मुलाचा निघाला तर गर्भपाताचा पर्याय होता, डेन्मार्कच्या कायद्यात त्याला वाट होती. पण ठिपका फक्त लिंग सांगायचा, आजार नाही. वाहक आईच्या निम्म्या मुलग्यांना आजार होतच नाही. म्हणजे शक्यतेवरून निर्णय घ्यायचा, आणि तोही परत न फिरवता येणारा. आज ज्या नैतिक प्रश्नांना आपण नवे म्हणतो, त्यांतले बरेचसे त्या पहिल्याच खेपेला हजर होते.

या सगळ्यावर सुप्रजननवादाची, म्हणजे ‘चांगल्या’ माणसांनीच मुलं जन्माला घालावीत या विचाराची, सावलीही होती. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली होती, जर्मनीत १९३३ मध्ये तसाच कायदा आला आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. महायुद्धानंतर शास्त्रज्ञांना त्या वारशापासून अंग सोडवून घ्यायचं होतं. १९४७ मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ शेल्डन रीड यांनी ‘जनुकीय समुपदेशन’ हा शब्दप्रयोग रूढ केला. माहिती द्यायची, निर्णय कुटुंबाने घ्यायचा, असा त्याचा अर्थ. रीड काम करत होते ती मिनेसोटातली संस्था मात्र चार्ल्स डाइट यांच्या पैशातून उभी राहिली होती, आणि हे गृहस्थ इतके कट्टर सुप्रजननवादी की त्यांनी हिटलरला कौतुकाचं पत्र धाडलं होतं. पाटी बदलली तरी घर जुनंच होतं.

१९५९ मध्ये डाऊन सिंड्रोममागे, म्हणजे बौद्धिक वाढ मंदावणाऱ्या जन्मजात स्थितीमागे, २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत असते हे पॅरिसमध्ये सिद्ध झालं. १९६६ मध्ये गर्भजलातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुणसूत्रं मोजणं जमलं, आणि दोनेक वर्षांत डाऊनचं निदान गर्भातच होऊ लागलं.

ही गर्भजल तपासणी त्या काळी कशी होई, ते पाहण्यासारखं आहे. साधारण सोळाव्या आठवड्यात पोटातून लांब सुई घालून चारेक चमचे पिवळसर पाणी काढायचं. त्यातल्या पेशी वाढायला दोन-तीन आठवडे. निकाल हाती येईपर्यंत पाच महिने होत आलेले, बाळाची हालचाल जाणवू लागलेली. घरच्यांना सांगायचं की नाही, सैल कपडे घालून किती दिवस काढायचे, या विवंचनेत बाई ते आठवडे काढायची. शिवाय सुईमुळे गर्भ पडण्याचा धोका होताच.

म्हणून तपासणी सरसकट होत नव्हती. ३५ वर्षांवरील स्त्रियांना ती सुचवायची अशी पद्धत पडली. ३५ हा आकडा शरीरातून आलेला नाही. सुईने गर्भ पडण्याची शक्यता आणि दोष सापडण्याची शक्यता या वयाच्या आसपास बरोबरीला येतात, असा तो हिशेब होता. वरवर पाहता निर्मळ गणित. पण दोन शक्यता अशा तराजूत घालायच्या तर निरोगी गर्भ गमावणं आणि डाऊनचं मूल जन्मणं ही एकाच वजनाची दुःखं आहेत, असं आधी गृहीत धरावं लागतं. हे गृहीतक कुणा आईला विचारून ठरलेलं नव्हतं.

लिंगाचं ज्ञान मात्र हिशेबाबाहेर धावत सुटलं. १९७५ मध्ये चीनमधल्या अनशान इथल्या डॉक्टरांनी वारेच्या पेशींवरून लवकर लिंगनिदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्या अहवालातल्या ३० गर्भपातांपैकी २९ गर्भ मुलींचे होते. भारतात महाराष्ट्राने १९८८ मध्ये लिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. दक्षिण कोरियाने १९८७ मध्येच लिंग सांगायला बंदी घातली होती. तिथला मुलग्यांचा हट्ट ओसरल्यावर २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने उरलेली बंदी रद्द केली.

सायप्रसची गोष्ट वेगळी. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण तिथे फार, आणि रुग्णांना जन्मभर रक्त पुरवणं त्या छोट्या बेटाला झेपेना. मग चर्चनेच लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. लग्नं फारशी मोडली नाहीत, पण गर्भाची तपासणी सर्रास झाली आणि थॅलेसेमियाग्रस्त बाळांचे जन्म जवळपास थांबले. याला सक्ती म्हणायचं की शहाणपण, यावर मी स्वतः ठाम नाही.

सुई हटवण्याची वाट सापडली १९९७ मध्ये. डेनिस लो यांनी आईच्या रक्तद्रवात गर्भाचा डीएनए फिरत असतो हे दाखवलं. तो बहुतांशी वारेतून आलेला असतो. २०११ पासून एनआयपीटी नावाने ही रक्ततपासणी बाजारात आली. दहाव्या आठवड्यात दंडातून एक नळी रक्त, गर्भाला धोका नाही.

धोका गेला आणि त्याबरोबर धोक्यामुळे येणारा विचारही गेला. सुई टोचून घ्यायची की नाही यावर नवरा-बायको रात्र रात्र बोलत. रक्त तर एरवीही काढतातच, त्यात आणखी एक नळी. शिवाय ही चाळणी आहे, म्हणजे फक्त शक्यता सांगते, निदान नव्हे, ही बाब हमखास निसटते. समजा एखादा दोष दहा हजारांत एका गर्भात असतो आणि तपासणी हजारात एकदाच खोटा इशारा देते. एक लाख स्त्रिया तपासल्या तर खरे दोष १० आणि खोटे इशारे १००. ‘९९.९ टक्के अचूक’ या जाहिरातीत हे बसत नाही. दुर्मीळ दोषांच्या तपासण्यांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये जाहीर सावधगिरीचा इशारा दिला, तो याचसाठी.

अपंग हक्क चळवळीचा आक्षेप याहून खोल जातो. एड्रियन अॅश या स्वतः अंध असलेल्या अमेरिकी विदुषी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या होत्या. मूलच नको असणं त्यांना मान्य होतं. हवंहवंसं मूल एका लक्षणावरून नको होणं हे निराळं, असं त्यांचं म्हणणं. एक लक्षण अख्ख्या माणसाला झाकून टाकतं. डेन्मार्कने २००४ पासून सर्व गरोदर स्त्रियांना चाळणी देऊ केल्यावर डाऊनची बाळं झपाट्याने कमी झाली. इंग्लंडमध्ये गर्भपाताला एरवी २४ आठवड्यांची मर्यादा आहे, गंभीर व्यंगाची दाट शक्यता असेल तर नाही. या भेदाला हायडी क्राउटर या डाऊन असलेल्या तरुणीने न्यायालयात आव्हान दिलं. २०२१ मध्ये ती हरली, २०२२ मध्ये अपिलातही.

नेदरलँड्सने एनआयपीटी सर्वांना खुली केली २०१७ मध्ये, पण १७५ युरो स्वतःच्या खिशातून. पैसे मोजावे लागले की बाई थांबते, विचार करते, असा एक युक्तिवाद तिथे होता. म्हणजे सुईचं काम आता शुल्काने करायचं. उलट बाजूचं म्हणणं असं की थांबते ती गरीब बाई, विचार करणारी नव्हे. एप्रिल २०२३ मध्ये ते शुल्क काढून टाकण्यात आलं.